खिळ्याला लागलेली ओल

मेहजबीन अत्तार एकोणसाठ वर्षांची झाली तेव्हा तिला एवढंच हवं होतं, की सकाळी सहाला उठायला लागू नये. मागणं काही फार मोठं नव्हतं. मुलगा नबील खराडीला सॉफ्टवेअरमध्ये चांगला स्थिरावला होता. त्याच्याच फ्लॅटमध्ये ती राहत होती, आणि तो दर दोन दिवसांनी म्हणत होता, "अम्मी, बस करो ना अब." तरी ती सहाला उठायची, डबा भरायची, स्वारगेटची बस पकडायची, स्वारगेटला उतरून धायरीची दुसरी बस पकडायची, आणि पावणेदोन तासांनी गुडघे चोळत कारखान्याच्या फाटकात शिरायची. संध्याकाळी हेच उलटं. असं करणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर कशात तरी अडकलेली असते. मेहजबीन वेडी नव्हती.

ती ज्यात अडकली होती त्याला कारखान्यात सगळे खिळा म्हणायचे. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते कोणी उच्चारायचं नाही. हातभर लांब, मनगटाहून जाड, पुढून टोकदार अशी ती धातूची नळी. कल्पना अशी, की चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून हा खिळा खाली सोडायचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. मग अलगद उतरवण्याच्या भानगडीत न पडता त्याला सरळ आदळू द्यायचं, ताशी हजार किलोमीटरच्या वेगानं. जमिनीत दोनेक मीटर घुसून तो थांबला की आतली यंत्रं कामाला लागणार. एक यंत्र चंद्राच्या भूकंपांचे हादरे ऐकणार. हादरे कुठून कसे आणि किती वेळात येतात त्यावरून चंद्राच्या पोटात काय आहे ते समजतं. कारखान्यात त्याला 'कान' म्हणत. दुसरं यंत्र टोकापाशी. ते भोवतालची माती जराशी तापवणार आणि वाफ सुटते का ते बघणार. ध्रुवाकडे असे खड्डे आहेत म्हणे, की त्यांत ऊन कधी पोचलेलंच नाही. तिथे बर्फ असेल तर तो किती आणि केवढा खोल, हे वरून बघून कळत नाही. आत घुसावं लागतं.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण हातातून मोबाइल पडला तर आपली काच तडकते. इथे तर अख्खं यंत्रच दगडमातीत ठोकायचं. आतले नाजूक भाग जगवायचे तर त्यांच्याभोवती रेझिन ओतावं लागतं, म्हणजे मधासारखं घट्ट रसायन, जे हळूहळू दगडासारखं कडक होतं आणि सगळ्या भागांना एकमेकांशी बांधून टाकतं. त्यात एक बुडबुडा राहिला तरी धक्क्याच्या वेळी बरोबर तिथेच तडा जातो. हे ओतायचं काम मेहजबीनचं.

तिचे वडील रज्जाकभाई बुधवारात तपकीर गल्लीत रेडिओ दुरुस्त करायचे. दहाव्या वर्षी तिच्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं ते सुटलं नाही. आयटीआय केलं, लग्न केलं, नबील सात वर्षांचा असताना नवरा गेला, आणि या सगळ्यात चौतीस वर्षं ती श्रीधर काळोख्यांच्या कारखान्यात होती. आधी त्यांच्या वडिलांच्या हाताखाली, मग त्यांच्या. तिची एक पद्धत होती. रेझिनमध्ये काचेचे अगदी बारीक मणी मिसळायचे, पंपाखाली ठेवून हवा ओढून घ्यायची, आणि मग बोटभर जाडीचा एकच थर ओतायचा. तो रात्रभर तसाच राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. एका खिळ्याला सात थर, म्हणजे सात दिवस. कोणी घाई केली की ती म्हणायची, "थराला झोपू द्या. तुमची झोप मोडली तर तुम्ही कसे चिडता?"

पुण्यातल्याच एका संस्थेनं हे खिळे करून घ्यायला घेतले होते. चंद्रावर ते जाणार की नाही याचा पत्ता नव्हता. सध्या फक्त सहा करायचे, आणि ते इथल्या इथे आपटून बघायचे. त्यासाठी कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाबलेल्या वायूची उभी तोफ बसवली होती. तोफेचं तोंड खाली, आणि खाली पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी. टाकीत चंद्राची माती. खरी नव्हे, दक्षिणेतून आणलेला पांढरट दगड दळून, भट्टीत भाजून, पार कोरडी केलेली पूड. तीही मोजकीच, आणि पुन्हा मिळायला महिने लागणारी.

पहिला खिळा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा मेला. तिसरा मेला. चौथाही मेला.

मेला म्हणजे कान बहिरा झाला. टोकापाशचं यंत्र तेवढं दर वेळी चार-सहा सेकंद जगायचं, आणि तेवढ्यात सांगून टाकायचं, की इथे पाणी आहे. भट्टीत भाजलेल्या पुडीत पाणी! संस्थेकडून आलेला सलिल नावाचा तिशीतला इंजिनिअर होता, त्यानं अहवालात लिहिलं: रेझिनमध्ये पोकळी, त्यामुळे कान निकामी, त्यामुळेच टोकाचा सेन्सरही चुकीचं दाखवतो.

"आणि पहिला कसा वाचला?" मेहजबीननं विचारलं.

"मॅडम, लक. एक डेटा पॉइंट." सलिल मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लगेच यायचं. "हे लेयर्स वगैरे ओल्ड स्कूल आहे. मी नवीन रेझिन मागवलंय, सिंगल पोअर. एका दिवसात काम. पाचवा त्यात करू. शुक्रवारी शॉट."

"आणि सहावा?"

"तुमचा तयार आहे तो राहू दे बाजूला."

श्रीधरसाहेब खिडकीबाहेर बघत होते. चौतीस वर्षं ज्या बाईच्या हाताचा माल डोळे झाकून पाठवला तिच्याकडे बघायला त्यांना त्या दिवशी जमलं नाही. "मेहजबीनताई, तुम्ही चौथा कापून बघा," ते म्हणाले, "पोकळी कुठे आहे ते फोटो काढून द्या. अहवालाला लागेल."

म्हणजे आपल्याच चुकीचा फोटो आपणच काढून द्यायचा.

घरी आल्यावर तिनं नबीलला सांगितलं. तो म्हणाला, "मग सोडूनच दे ना. आता तर कारण पण मिळालं." तिला त्याचा इतका राग आला की ती जेवलीच नाही. सोडायचं तर होतंच. गुडघे गेले होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, आणि चंद्राच्या पोटात काय आहे याचं तिला खरं सांगायचं तर फारसं कुतूहलही उरलं नव्हतं. पण शेवटच्या कागदावर 'अत्तारबाईंच्या कामात पोकळी' असं लिहून ठेवून जायचं? मग कारखान्यात पुढची वीस वर्षं काहीही बिघडलं की लोक म्हणणार, ती म्हातारी करून गेली तसलंच. तिला जायचं होतं, फक्त असं नाही.

बुधवारी तिनं चौथा खिळा करवतीनं उभा चिरला. भिंगाखाली धरला. सात थर एकावर एक, काचेसारखे स्वच्छ. एकही बुडबुडा नाही. तडा मात्र होता. एकाच बाजूनं, तिरका, शेपटीकडून आलेला. जणू कोणी खिळ्याला घुसताघुसता बाजूनं लाथ घातली. तिनं टोक फिरवून पाहिलं तर तेही एकाच बाजूला खरवडलेलं. आणि टोकामागच्या खाचेत काहीतरी पांढरट चिकटलं होतं.

तिनं ते चिमट्यानं सोडवलं. पापुद्रा निघाला, सारवलेल्या जमिनीचा निघतो तसा. बोटांत चुरला तर सहज चुरेना.

कोरडी पूड अशी चिकटत नाही. कोरडी पूड फुंकर मारली की उडते. तिच्यामुळे तर महिनाभर सगळे खोकत होते. ही पूड कधीतरी भिजली होती, आणि वाळून कडक झाली होती. अशी ढेकळं टाकीत असतील तर खिळा सरळ घुसणार कसा? ढेकळावर आपटणार, तिरका होणार, आणि कंबरेत मोडणार. खिळा उकरून काढताना फावड्याखाली ढेकळं फुटायची, ती सगळ्यांनीच पाहिली होती. पण खिळ्याच्या धक्क्यानं माती दाबली गेली असेल, असं म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं.

आणि मग तो टोकापाशचा सेन्सर. तीन वेळा तो बिचारा मरता मरता सांगत होता, पाणी आहे, पाणी आहे. तो खरंच सांगत होता की.

पण पाणी आलं कुठून? पत्रे गळत नव्हते. महिनाभरात पाऊस नव्हता. मेहजबीननं दिवसभर डोकं खाजवलं आणि उत्तर तिला गुरुवारी सकाळी साडेआठला मिळालं. रोज डोळ्यांसमोर असायचं तेच.

गोदाबाई शेड झाडत होती. गोदाबाई वाशीमकडची, पाच वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्याला आली, आणि ठेकेदाराकडून इथे सफाईला होती. डाव्या हातात प्लॅस्टिकचा मग, उजव्या हातात खराटा. आधी मगातून चार बोटं बुडवून जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते, मग झाडायचं. टाकीभोवती सांडलेली पांढरी पूड तिनं तशीच शिंपडली, झाडली, सुपलीत भरली, आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून टाकीत ओतली. एकदा नाही, पाच-सहा सुपल्या. वर पुन्हा एक हबका टाकीतही मारला, कारण ओतताना धूळ उठली.

मेहजबीन दारात उभी राहिली. तिला हसूही आलं नाही आणि रडूही. पहिल्या खिळ्याच्या वेळी माती नवी होती. त्यानंतर प्रत्येक वेळी झाडलोट होऊन परत आत.

"गोदाबाई, ही माती परत आत टाकायला कोणी सांगितलं तुला?"

"त्या चष्मेवाल्या सायबानं. महाग माती हाये म्हने, एक मूठ वाया नाई जाऊ द्यायची. थो पाहा कागद लावला." भिंतीवर खरंच कागद होता, सलिलच्या सहीचा: सांडलेली सर्व माती गोळा करून टाकीत टाकावी. "कावून वो ताई? काई चुकलं का?"

"पाणी का मारतेस?"

गोदाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू शहरातल्या बायकांना शेवटी काही अक्कल नसतेच. "मंग झाडताना पानी नाई मारत का कोनी? तुमच्या घरी नाई मारत?"

"मारतात." मेहजबीन शिडीच्या पायरीवर बसली. गुडघ्यांनी दुसरा पर्यायच ठेवला नाही. मग तिनं सगळं सांगितलं: खिळा, ढेकळं, तडा, शुक्रवार, आणि आपल्या नावावर येऊ घातलेली ती पोकळी. गोदाबाई खराट्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

"म्हनजे माह्यामुळं झालं."

"तुझ्यामुळे नाही. तुला कोणी सांगितलंच नाही. पण मी बोलले तर पहिलं नाव तुझं निघेल. ठेकेदार तुला ठेवणार नाही."

यात आणखी एक वाट होती आणि मेहजबीन ती दारात उभ्या उभ्याच मनात चालून आली होती. गप्प बसायचं. संध्याकाळी सगळे गेले की माती चाळून रात्रभर भट्टीत टाकायची, आणि शुक्रवारी पाचवा खिळा वाचू द्यायचा. गोदाबाईची नोकरी राहील. पण मग सगळे म्हणणार, बघा, नवं रेझिन आलं आणि काम झालं. पोकळी तिच्या नावावर कायमची. तिनं हेही गोदाबाईला सांगून टाकलं. आडून बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

गोदाबाईनं नाकातून हवा सोडली. "सांगा तुमी."

"आणि तुला काढलं तर?"

"काढतीन. दुसरीकडं झाडीन. धूळ काय थोडी हाये पुन्यात?" मग खराटा उचलत, जरा तुटकपणे, "पन मी चोरून काई नाई केलं, हे बी सांगा. नाई त म्हनतीन, बाई बेअक्कल होती."

शुक्रवारी दहाला पाचवा खिळा तोफेत चढला होता. सलिल लॅपटॉप उघडून बसला होता, श्रीधरसाहेब हात मागे बांधून उभे. मेहजबीननं टाकीतून एक वाडगाभर माती काढून टेबलावर ठेवली.

"शॉट थांबवा. ह्या मातीत पाणी आहे."

"मॅडम, इम्पॉसिबल. माती ओव्हन-ड्राय आहे. मी स्वतः केलीय."

"कधी?"

"स्टार्टला. जूनमध्ये."

"आता कुठला महिना चाललाय?"

"ऑक्टोबर, पण…"

"वजन करा. भट्टीत दोन तास ठेवा. पुन्हा वजन करा. कोरडी असेल तर वजन तेवढंच राहील, आणि मी आत्ताच्या आत्ता माफी मागून घरी जाईन. माझी तर सुटकाच होईल."

सलिलनं श्रीधरसाहेबांकडे पाहिलं. श्रीधरसाहेबांनी खांदे उडवले. "करा. चंद्र काही पळून चालला नाहीये."

वजन करून वाडगा दोन तास भट्टीत ठेवला. मेहजबीन स्टुलावर बसल्या बसल्या पेंगली, हे मात्र खरं. उठवलं तेव्हा वाडगा काट्यावर होता. पाचशे ग्रॅम मातीची चारशे एक्क्याऐंशी झाली होती. सलिलनं काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. पुन्हा तेच. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे सेन्सर… तिन्ही वेळा करेक्ट होता."

"तुम्ही पाणी शोधायचं यंत्र केलंत," मेहजबीन म्हणाली, "त्याला पाणी सापडलं, तर त्यालाच खोटं ठरवलंत."

"पण पाणी आलं कुठून?" श्रीधरसाहेबांचा आवाज चढला. "कोणी घातलं?"

मेहजबीन बोलणार तोच दारातून आवाज आला. "म्या मारलं." गोदाबाई तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. "रोज मारते. झाडाच्या आधी."

श्रीधरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "वा! म्हणजे आपण चंद्रावर पोचणार, आणि आधी सडा घालणार. रांगोळी पण काढा म्हणावं! कोण रे हिचा ठेकेदार? फोन लावा त्याला."

"लावा," मेहजबीन म्हणाली, "आणि हे पण वाचून दाखवा." भिंतीवरचा कागद तिनं काढून टेबलावर ठेवला. "माती परत टाक, हे लिहिलंय. कोरडी झाड, हे कुठे लिहिलंय? तिला कोणी सांगितलं, की ही माती भिजवायची नाही? तुम्ही सांगितलंत? मी सांगितलं? मी तर रोज तिला पाणी मारताना बघत होते. दोन महिने. माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण झाडताना पाणी मारतातच. तिला काढायचं तर आपण तिघांनी आधी बाहेर पडायला पाहिजे."

सलिलनं कागद पाहिला. स्वतःची सही पाहिली. कान लाल झाले, पण मुलगा वाईट नव्हता हे आधी म्हटलंच आहे. "सर, इन्स्ट्रक्शन माझी होती," तो म्हणाला. "इनकम्प्लीट होती."

श्रीधरसाहेबांनी फोन खिशात ठेवला. तरी पुढच्या आठवड्यात गोदाबाईची बदली पुढच्या इमारतीत झाली आणि शेडमध्ये तिला यायला बंदी घातली. नोकरी राहिली. बंदी कशासाठी, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती.

माती पुन्हा चाळली, दोन दिवस भाजली. मग एकाच दिवशी दोन शॉट झाले: सकाळी सलिलच्या नव्या रेझिनचा पाचवा, दुपारी मेहजबीनच्या सात थरांचा सहावा. उकरून काढल्यावर दोघांच्याही शेजारी जमिनीवर हातोडीनं टकटक केलं. दोन्ही कानांनी ऐकलं, पडद्यावर रेघा उमटल्या. टोकाचे सेन्सर या वेळी गप्प होते. दोघेही सारखेच चांगले निघाले, त्यातला एक एका दिवसात होत होता आणि दुसरा सात दिवसांत. पुढे कुठला वापरणार हे विचारायची गरज नव्हती. मेहजबीननं विचारलंही नाही. चौतीस वर्षांची पद्धत अशी टाळ्यांशिवाय संपली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. दमलेल्या माणसाला सगळंच जरा कमी दुखतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सलिलनं सुधारलेला अहवाल आणला. "मॅडम, सगळं बदललंय. तुम्ही फक्त साइन करा."

"वाचते."

"अकरा पेजेस आहेत."

"मला मोजता येतं."

बाहेर कारखाना बंद करायची वेळ झाली होती. श्रीधरसाहेब किल्ल्या घेऊन दारात उभे. मेहजबीननं चष्मा पुसला, बरा डोळा कागदाजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. श्रीधरसाहेब दोनदा खोकले. ती थांबली नाही. अपयशाचं कारण: मातीतील ओलावा. टोकाचा सेन्सर: योग्य कार्य. सातव्या पानावर स्वच्छतेच्या नव्या सूचना. नवव्या पानावर, तळटिपेत, एक ओळ राहून गेली होती: चौथ्या नमुन्यात पोकळी असण्याची शक्यता.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अरे, सॉरी, जुन्या ड्राफ्टमधून राहिली असेल. फुटनोट आहे मॅडम, कोण वाचतं? सोमवारी करेक्ट करतो."

"सोमवारपासून मी येणार नाही. आत्ता काढा."

सलिलनं लॅपटॉप उघडला. ओळ काढली, पान पुन्हा छापलं. प्रिंटर नेमका तेव्हाच अडकला. तो सुटेपर्यंत श्रीधरसाहेब बाकावर बसले. नवं पान आलं. मेहजबीननं तेही वाचलं, सगळं, तळटिपेसकट. मग शेवटच्या पानावर सही केली, पूर्ण नाव लिहून, आणि साहेबांना म्हणाली, "आता लावा कुलूप. स्वारगेटची बस चुकली माझी. रिक्षा मागवा, आणि आज ती कारखान्याच्या खर्चानं."